छातीची खालची कड

मिस्तरीचे सगळे शर्ट एकाच बेताचे असत. कापड जाड, पुढे दोन्ही बाजूंना खिसे आणि खिशांना झाकणं. बायको शिवणकाम करायची, त्यामुळे शर्ट घरचेच. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने हौसेने त्याला एक पातळ, एका खिशाचा शर्ट शिवून दिला होता. तो घालून तो आरशापुढे उभा राहिला, मग काढला, घडी घातली आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिला. का, ते त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. पुढच्या शर्टाला तिने दोन खिसे लावले. त्यांच्या संसारातल्या बऱ्याच गोष्टी अशाच, तोंड न उघडता ठरत गेल्या होत्या.

धंद्याने तो वेल्डर. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं दुकान, पुढे मोकळी जागा, एका बाजूला पाण्याचा नळ, पलीकडे सुताराचं दुकान. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, फाटकं असली कामं तो एकट्याने करायचा. माणूस दणकट होता. हात पीळदार, पोट सपाट, पाठ रुंद. फक्त छातीने दगा दिला होता. वयात येताना ती फुगली, ती पुन्हा बसलीच नाही. दोन्ही बाजूंना सैल मांस, खालच्या कडेला ओघळलेलं. शाळेत मुलांनी त्याचं नाव 'मावशी' ठेवलं होतं. कवायतीच्या तासाला मागून येऊन कुणी ना कुणी चिमटा काढायचं आणि सगळी रांग हसायची. शाळा सुटली, नाव मागे पडलं, पण कुणी मागून येताना दिसलं की त्याचे खांदे आपोआप पुढे झुकत. चाळिशी ओलांडली तरी ती खोड गेली नव्हती. भर उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव उकडून निघायचा, सुतार बनियनवर काम करायचा, आणि मिस्तरी मात्र जाड शर्ट, त्यावर चामड्याचा एप्रन अशा थाटात घामाने निथळत उभा.

एके दिवशी मास्तर हातगाडीवर एक बाक घेऊन दुकानात आले. मास्तर म्हणजे एका शाळेतले कवायत शिकवणारे शिक्षक. शाळा बंद पडली तेव्हा त्यांनी एका जुन्या गोदामात व्यायामशाळा काढली होती. साठीचे, बुटके, एक खांदा जरा उतरलेला. व्यायामशाळेतला तो एकुलता एक बाक, आणि त्याचा पाय ऐन वजनाखाली तुटला होता. मिस्तरीने पाय जोडला, उरलेल्या तीन पायांनाही आडव्या पट्ट्या मारून दिल्या. मास्तर बाकावर बसून तो हलतो का ते पाहत होते. मिस्तरी ग्राइंडरची वायर गुंडाळत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "मास्तर, एक विचारू? छातीचा खालचा भाग व्यायामाने वर येतो का?"

"कुणाचा?"

"आहे एक. ओळखीतला."

मास्तर उठले. त्यांनी बाकाला हात लावला, मिस्तरीकडे पाहिलंच नाही. "त्या ओळखीतल्याला उद्या सकाळी सहाला पाठवा. बाकही त्याच्याच हाती पाठवा."

मास्तरांना हसू आलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर मिस्तरी दुसऱ्या दिवशी बाक खांद्यावर घेऊन गोदामात गेला.

व्यायामशाळा कसली, नावालाच. एक लांब दांडी, कुठून कुठून गोळा केलेली वजनाची चकत्या-चाकं, डंबेल्सची एकच जोडी, तीही विजोड. एकाची कड उडालेली असल्याने ते दुसऱ्यापेक्षा हलकं. भिंतीला एक आरसा, त्याला मधोमध तडा. मास्तरांनी त्याला शर्ट काढायला सांगितलं नाही. शर्टावरूनच तळहाताच्या कडेने छातीची खालची रेघ दाखवली आणि समजावलं की सरळ झोपून वजन उचललं तर मधला भाग भरतो. खालची कड हवी असेल तर रेटा खालच्या दिशेने गेला पाहिजे. मोठ्या व्यायामशाळांत त्यासाठी वेगळे उतरते बाक असतात, वरून खाली ओढायची यंत्रं असतात. "आपल्याकडे लाकडाचे दोन ओंडके आहेत," मास्तर म्हणाले.

त्यांनी बाकाची पायाकडची बाजू त्या ओंडक्यांवर चढवली. डोकं खाली, पाय वर, पायांवरून एक पट्टा. पहिल्या दिवशी मिस्तरीच्या डोक्यात रक्त उतरलं, कान भणभणले, आणि रिकामी दांडी दहा वेळा उचलताना त्याची दातखीळ बसायची वेळ आली. मग खिडकीच्या ओट्यावर हात टेकून तिरक्या जोर-बैठकांतले नुसते जोर. मग छताच्या तुळईला रबरी नळी बांधून, ती दोन्ही हातांनी वरून खाली, पोटापाशी ओढत आणायची.

जाताना मास्तर एवढंच म्हणाले, "एक सांगून ठेवतो. चरबी असेल तर उतरेल. स्नायू सैल असेल तर घट्ट होईल. मुळात तिसरंच काही असेल तर ते माझ्या हातातलं नाही."

मिस्तरीने पहिल्या दोन गोष्टी ऐकल्या. तिसरी कानावर पडली, पण मनात उतरली नाही.

तो नेमाने जाऊ लागला. महिन्याभराने एका सुट्टीच्या दिवशी त्याने जाड पाइप कापून समांतर दांड्यांचा सांगाडा बनवला, चारही पाय जमिनीत गाडले. दोन दांड्यांमध्ये हातांवर लटकायचं, हनुवटी छातीला लावायची, अंग पुढे झुकवायचं आणि कोपरातून खाली जायचं. असं पुढे झुकून केलं की सगळा ताण छातीच्या खालच्या कडेवर येतो. सुरुवातीला त्याला असे दोन जोर जमायचे. वर्ष संपेपर्यंत तो कमरेला वजनाची दोन चाकं बांधून पंधरा करायला लागला. मास्तर बाजूला उभे राहून मोजायचे आणि कोपर बाहेर गेलं की काठीने टोचायचे.

छाती खरंच आवळत आली. सगळी नाही, पण जिथे आधी नुसता ओघळ होता तिथे आता एक कड दिसू लागली. उजवीकडे अजून थोडं सैल, डावीकडे जास्त घट्ट. दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याने काम थांबवलं, एप्रन काढला, आणि कुणी पाहतंय की नाही हे न पाहता शर्ट काढून नळाखाली वाकला. आयुष्यात पहिल्यांदा. सुतार रंधा मारता मारता थांबला. मिस्तरीचा हात काढलेल्या शर्टाकडे गेला.

"मिस्तरी," सुतार म्हणाला, "तुमच्या पाठीवर केवढा मोठा तीळ आहे, माहीत आहे का तुम्हाला?" आणि पुन्हा रंधा मारायला लागला.

त्या दिवशी मिस्तरी घरी गेला तो शीळ घालत. बायकोने शिवणयंत्रावरून मान वर करून पाहिलं. चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, बाबा, तुला शीळ घालता येते हे मला माहीतच नव्हतं.

डावी बाजू जास्त घट्ट का, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. डाव्या हाताने तो दिवसभर जड लोखंड धरून ठेवायचा, उजव्याने जोडायचा. म्हणजे डावीकडचा स्नायू आधी भरणार, यात नवल ते काय? डाव्या बोंडाच्या मागे, जरा खाली, वाटाण्याएवढं काहीतरी कडक लागायचं. दुखत नव्हतं. अंघोळ करताना तो रोज बोटाने चाचपून पाहायचा आणि त्याला बरं वाटायचं. उजवीकडे तसं काही लागत नाही म्हणून त्याने उजव्या बाजूला वेगळा व्यायाम सुरू केला. ते जड डंबेल उजव्या हातात, रबरी नळीचे वीस ओढे उजव्या हाताने जास्तीचे. दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात एवढीच त्याची धडपड.

एकदा बाकावर त्याची ढब सुधारताना मास्तरांचं बोट नेमकं तिथे टेकलं. ते क्षणभर थांबले. "इथे धरतंय वाटतं," ते म्हणाले.

"आता कुठे धरायला लागलंय," मिस्तरी अभिमानाने म्हणाला. मास्तरांनी बोट उचललं आणि मोजणी पुढे सुरू केली.

वाटाण्याचा सुपारीएवढा व्हायला सात-आठ महिने लागले. बोंड आत ओढलं गेलं. बनियनवर डावीकडे तांबूस ठिपके पडायला लागले. कपडे बायको धुवायची. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, ठिणगी पडली असेल. वेल्डरच्या घरात हे उत्तर चालून जाण्यासारखं होतं. तरी ती लक्ष ठेवून राहिली. शेवटी एका सकाळी तो डबा घेऊन निघाला असताना ती तीन बनियन हातात घेऊन दारात उभी राहिली.

"अहो, ठिणगी पडली की भोक पडतं," ती म्हणाली. "यांत भोक कुठे आहे?"

तो म्हणाला, उशीर होतोय. ती दारातून हलली नाही. डाग तिन्हींवर एकाच जागी होता, आणि ती जागा तिने बोट लावून दाखवली, आधी कापडावर, मग त्याच्या शर्टावर. त्याने तिचा हात धरून बाजूला केला. तेव्हा तिच्या बोटांना ती गाठ लागली. तिने हात मागे घेतला नाही. डबा त्याच्या हातातून काढून घेतला, शिवणयंत्रावर झाकण घातलं आणि चप्पल घातली.

मोठ्या दवाखान्यात त्यांना ज्या खोलीपुढे बसवलं, तिथे रांगेत सगळ्या बायका होत्या. काही बोलत होत्या, काही भिंतीकडे पाहत होत्या. मिस्तरी आला तशी बोलणाऱ्यांची कुजबुज झाली आणि एकीने सरकून बायकोला जागा करून दिली. तो उभा राहिला. खिडकीतला कारकून कागद नीट न पाहताच म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबा. बाईंना एकट्यांना आत पाठवा."

"पेशंट मीच आहे," मिस्तरी म्हणाला. ते तो इतकं हळू बोलला की कारकुनाने पुन्हा विचारलं. मग बायकोनेच उत्तर दिलं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी तपासलं, सुई घालून तुकडा काढला, आठवड्याने या म्हणाल्या. आठवड्याने त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात होतं. कॅन्सर आहे, स्तनाचा आहे, काखेत पसरलेला आहे. मिस्तरी त्यांच्या टेबलावरच्या पेनाकडे पाहत होता. तो म्हणाला, "हा तर बायकांचा आजार."

"पुरुषांनाही तो भाग असतो. थोडा असतो, पण असतो. आजार व्हायला तेवढा पुरतो."

"मी व्यायाम करत होतो. त्यानेच..."

"नाही. व्यायामाने होत नाही."

"आणि आधी आलो असतो तर?"

"बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही झालं होतं का. तो नाही म्हणाला. आई-वडील? आई तो अकरा वर्षांचा असताना गेली होती. छातीच्या दुखण्याने. म्हणजे हृदय असावं. "असावं?" असं विचारून बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

त्या एका शब्दाने त्याला घरी बसू दिलं नाही. ताई, त्याची थोरली बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं होतं. तो गेला तेव्हा ती गच्चीवर चादरी वाळत घालत होती. त्याने छातीला हात लावून 'कॅन्सर' एवढंच सांगितलं. तिच्या हातातला चिमटा खाली पडला, तो तिने उचलला आणि चादरीला लावला. मग तिथेच कठड्याला टेकून बसली.

"आईला काय झालं होतं?" त्याने विचारलं.

"छातीचं दुखणं," ती सवयीने म्हणाली. आणि मग तिचा बांध फुटला. रडली मात्र नाही, सांगत सुटली. आईच्या छातीला जखम झाली होती. ती भरून येत नव्हती, वास यायचा. शेवटचं वर्षभर ताई तिच्या पट्ट्या धुवायची आणि बाहेरच्या दोरीवर नाही, न्हाणीत आत वाळत घालायची. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. बाबांनी सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर छातीचं दुखणं म्हणायचं. "ते काही खोटं नव्हतं," ताई म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस? नंतर तरी?"

"तू मुलगा. मुलाला असलं कशाला सांगायचं? वाटलं, झाकलेलं आहे ते झाकलेलंच राहू दे."

तो चिडला नाही. चिडायला त्याला तोंडच नव्हतं, इतके महिने त्यानेही तेच केलं होतं. तो फक्त म्हणाला, ताई, तू उद्या माझ्याबरोबर चल. तिने आढेवेढे घेतले, वयाचं कारण सांगितलं, घरकामाचं सांगितलं. तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत तो पुन्हा गेला, या वेळी ताईला पुढे करून. तिच्यात काही निघालं नाही. दर वर्षी यायचं, असं बजावून बाईंनी तिला सोडलं. मिस्तरीच्या रक्ताच्या तपासणीत मात्र पिढीजात दोष निघाला. तो आईकडून आलेला असणार, आणि मुलीकडे गेला असण्याची शक्यता निम्मी, असं बाईंनी सांगितलं.

ऑपरेशन झालं. डावीकडचं सगळं काढलं, खालच्या स्नायूचा तुकडा आणि काखेतल्या गाठीही. पट्टी पहिल्यांदा सोडली तेव्हा त्याने खाली मान घालून पाहिलं. उजवीकडे मेहनतीने कमावलेली छाती जशीच्या तशी. डावीकडे बरगड्यांवर नुसती कातडी, आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत शिवण. बारा वर्षांचा असल्यापासून हे अंगावरून जावं म्हणून तो झुरत आला होता. हे त्याला त्या वेळी आठवलं आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाही. बायकोकडे वळून तो म्हणाला, "टीप वाकडी घातलीय बघ बाईंनी."

ती हसली. मग तिला हसू आवरेना, आणि नंतर ते हसू राहिलं नाही. ती बाहेर जाऊन बाकड्यावर बसली, डोळे कोरडे झाल्यावर आत आली आणि त्याचा डावा हात उशीवर नीट ठेवला.

मास्तर चौथ्या दिवशी आले. हातात काही नव्हतं, आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"मिस्तरी, माझं बोट लागलं होतं तिथे," ते म्हणाले. "मला तेव्हाच शंका आली होती. स्नायू असा लागत नाही. तीस वर्षं मुलांच्या अंगाला हात लावून व्यायाम शिकवलाय, मला कळायला पाहिजे होतं. कळलं होतं. पण तुमचा चेहरा इतका खूष होता..."

मिस्तरी छताकडे पाहत होता. "मास्तर, तुमचं बोट एकदा लागलं," तो म्हणाला. "मी रोज लावत होतो."

त्या दिवसापासून मास्तरांनी त्याला सोडलं नाही. औषधांचे फेरे सुरू झाले, केस गेले, तोंडाची चव गेली, तरी ते दिवसाआड हजर. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. दवाखान्यातल्या बाईंनी भिंतीवर बोटांनी वर चढत जायचा व्यायाम दिला होता. मास्तरांनी तो गोदामात करून घेतला. भिंतीवर खडूने रेघ मारायची, उद्या तिच्या एक बोटभर वर. ज्याने कमरेला वजनं बांधून पंधरा मारले होते, तो माणूस भिंतीवर एक बोट वर सरकायला कपाळावरचा घाम पुसत होता. कधी कधी अर्ध्यावरच थांबून तो मास्तरांना शिव्या द्यायचा. मास्तर त्या मोजून घ्यायचे आणि पुढचं बोट सांगायचे.

पाच महिन्यांनी तो दुकानात परतला. डॉक्टरीणबाईंनी ताकीद दिली होती की काखेतल्या गाठी काढल्यात, त्यामुळे त्या हाताला कापणं नको, भाजणं नको, नाहीतर हात सुजेल. वेल्डरला ही ताकीद म्हणजे मासे पकडणाऱ्याला भिजू नको म्हणण्यासारखं. बायकोने चामड्याची लांब बाही शिवून दिली, काखेपर्यंत येणारी. तरी ठिणग्या वाट काढत. हात सुजला, उतरला, पुन्हा सुजला. लोखंड धरायला तो आता शिकंजा वापरायचा, जड कामं सुताराच्या मदतीने उचलायचा. काम निम्म्यावर आलं, पण येत होतं. सव्वा वर्ष असं गेलं, आणि त्या सव्वा वर्षात घरात एक प्रकारची शांतता होती. बरं वाटण्याची नव्हे, श्वास रोखून धरल्याची.

मग एका फाटकाची चौकट उचलताना त्याच्या पाठीत कळ गेली. तो म्हणाला, उसण भरली. मास्तरांनी ऐकून घेतलं नाही. "उद्या सकाळी जायचं. मी येतो," ते म्हणाले, आणि सकाळी सातलाच दारात उभे राहिले. या वेळी उशीर कुणीच केला नव्हता. तरी मणक्यात निघालं, आणि यकृतातही. बाईंनी खोटा धीर दिला नाही. मिस्तरीने विचारलं, किती. त्यांनी वर्षं हा शब्द वापरला नाही.

त्यानंतर त्याने एकच काम डोक्यात घेतलं, ते म्हणजे मुलीला रक्तातल्या दोषाबद्दल सांगायचं. बायको म्हणाली, मी सांगते, बायकांचं बोलणं आहे. तो नाही म्हणाला. दोन दिवस तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. मुलगी आता सतरा वर्षांची झाली होती. दुपारी ती कॉलेजातून आली, जेवली, तेव्हा त्याने तिला समोर बसवलं. जुळवलेली वाक्यं ऐन वेळी दगा देऊन गेली. तरी त्याने आजाराचं पूर्ण नाव घेतलं. ते त्याने त्याआधी मोठ्याने कधीच घेतलं नव्हतं. आजीला काय झालं होतं, रक्तातला दोष म्हणजे काय, तिने पंचविसाव्या वर्षी कुठे जायचं, काय तपासून घ्यायचं, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद पुढे ठेवला.

मुलगी ऐकत होती. मग तिने विचारलं, "तुला गाठ लागली तेव्हाच तू का नाही गेलास?"

"मला तो स्नायू वाटला."

"आणि रक्ताचे डाग? तेही स्नायू वाटले?"

"लाज वाटली," तो म्हणाला.

"कुणाची? आमची?" तिचा आवाज चढला. "दोन वर्षं त्या गोदामात उलटा लटकायला वेळ होता तुला." ती उठून गेली. कागद तिथेच राहिला.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. बायको तिला रागवायला निघाली तेव्हा त्याने थांबवलं. पोरीचं काही चुकलेलं नाही, असं तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी कागद टेबलावर नव्हता. मुलीने तो कुठे ठेवला, हे त्याने विचारलं नाही. ती चहाचा कप घेऊन आली, त्याच्याजवळ बसली आणि कॉलेजातल्या एका शिक्षकाची नक्कल करून दाखवली. नक्कल फारशी जमली नव्हती. तो पोट धरून हसला आणि मग पाठ दुखली म्हणून थांबला.

शेवटचे चार महिने तो अंथरुणाला खिळला. उठून बसणंही एकट्याला जमेना. बायकोने शिवणयंत्र त्याच्या खोलीत आणून ठेवलं. यंत्राच्या आवाजाने त्याला झोप लागायची, बंद पडलं की जाग यायची. ताई आठवड्यातून दोनदा यायची, आईबद्दल बोलायची. आई कशी हसायची, कुणाला कशी चिडवायची, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तो मिटल्या डोळ्यांनी ऐकायचा आणि ती थांबली की म्हणायचा, अजून सांग.

मास्तर रोज दुपारी यायचे. त्याला कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. पाठीला हिसका न बसू देता कसं उचलायचं, हात कुठे घालायचा, भार कमरेवर न घेता पायांवर कसा घ्यायचा, हे त्यांनी बायकोला आणि मुलीलाही शिकवलं. मुलगी पटकन शिकली. मिस्तरी आता इतका हलका झाला होता की मास्तरांना ताकद लावावी लागत नव्हती, आणि ते लपवायला ते मुद्दाम धापा टाकायचे. मिस्तरीला ते कळायचं. एकदा तो म्हणाला, "मास्तर, नाटक पुरे," आणि दोघांनाही हसू आलं.

शेवटच्या आठवड्यात त्याला आडवं झोपून श्वास घेता येईना. मग मास्तर त्याच्या मागे पलंगावर बसत आणि त्याची पाठ आपल्या छातीला टेकवून तासन् तास धरून ठेवत. तो गेला त्या दिवशीही तसेच बसले होते. दुपारचे पावणेचार झाले होते. मुलगी औषध आणायला गेली होती, बायको कुणाच्या तरी शर्टाला कॉलर लावत होती. मिस्तरीने पाणी मागितलं, एक घोट घेतला, आणि मान मागे टाकली. थोड्या वेळाने मास्तरांना आपल्या छातीवर त्याच्या पाठीची हालचाल जाणवेना.

त्यांनी त्याला लगेच खाली ठेवलं नाही. बायकोला हाक मारली, तीही हळूच. यंत्र थांबलं. ती उठून जवळ येईपर्यंत ते त्याला तसेच धरून बसून राहिले.